टाळ काट्यावर नाही, कानावर विकायचा

(महासंघाच्या वार्षिक मेळाव्यात टाळ-झांजा घडवणाऱ्या आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. अनेक गटांनी मागणी केली म्हणून ते जसं बोललं गेलं तसंच इथे देत आहोत.)





मला निरोप आला की मेळाव्यात तुमच्या धंद्याविषयी बोला. आमचा धंदा टाळ आणि झांजा घडवायचा. आता टाळाविषयी तुम्हाला मी नवीन काय सांगणार? तुमच्यातल्या निम्म्या जणी भजनी मंडळात असतील. एकादशीला टाळ हातात घेता, सप्ताहात घेता, वारीला गळ्यात अडकवून चालता. पण टाळ विकत घेताना बरेच दुकानदार काय करतात ते आठवा. टाळ उचलतात आणि काट्यावर ठेवतात. इतके ग्रॅम, इतके पैसे. बटाटे मोजल्यासारखे.

आज मला एवढंच सांगायचंय की टाळाला वजन असतं, पण टाळाची किंमत वजनात नसते. आणि हे नुसतं टाळाचं नाही. तुमचे पापड, तुमची गोधडी, तुमची टोपली, सगळ्याचं तेच आहे. मी टाळावरून सांगते, तुम्ही आपापल्या मालावरून समजून घ्या.

टाळ बोलतो कसा

टाळ दोन प्रकारच्या धातूंचा असतो. एक पितळेचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुसरा काशाचा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घंटेसाठी जे कासं लागतं त्यात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं. पायाला तेल चोळायची काशाची वाटी तुम्ही बघितली असेल, त्याच जातीचा हा धातू. पितळेचं भांडं पडलं तर त्याला पोचा येतो. काशाचं पडलं तर तडा जातो. कासं कडक आणि नाजूक, दोन्ही एकदम. म्हणूनच त्याचा नाद लांबवर राहतो.

तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. कथील २३२ अंशांनाच पाण्यासारखं होतं. म्हणून मुशीत तांबं आधी जातं, कथील अगदी शेवटी. उलटं केलं तर कथील जळून जातं आणि पैसाही जळतो. वाळूचा साचा करायचा, रस ओतायचा, गार झाला की साचा फोडायचा. आत जी वाटी निघते ती काळी, खडबडीत असते. वाजवली तर बद्द वाजते. इथपर्यंत झालं ते ओतकाम. टाळ अजून व्हायचाय.

पुढचं काम कानाचं. टाळाच्या मधोमध भोक असतं आणि दोरी तिथूनच ओवतात, ती का? टाळ वाजतो तेव्हा कडा थरथरते, मधला भाग जवळजवळ स्थिर असतो. मधे धरला तर नाद मोकळा राहतो. कडेला बोट लागलं की नाद मेला. घरी गेल्यावर करून बघा.

आता सूर. घेर तोच असेल तर जाड वाटी चढा आवाज देते, पातळ वाटी खालचा. जाडी तीच असेल तर लहान घेराची वाटी वर बोलते, मोठ्या घेराची खाली. म्हणून वाटी आतून घासून पातळ केली की सूर उतरतो आणि कडेचा घेर किंचित कमी केला की सूर चढतो. कानस दोनदा फिरवायची, थांबायचं, वाजवून ऐकायचं. घासून गेलेला धातू परत चिकटवता येत नाही. घाई केली की वाटी मोडीत.

आणि मग जोडी लावायची. पंचवीस-तीस वाट्या दोऱ्यांना टांगायच्या. लाकडाच्या काडीनं एकेक वाजवायची आणि कुणाचं कुणाशी जमतं ते बघायचं. दोन्ही वाट्यांचे सूर अगदी एक झाले तर आवाज सपाट येतो. फार लांब गेले तर दोन बायका नळावर भांडतायत असं वाटतं. मधे थोडंसं अंतर हवं. मग नाद लाटेसारखा हलतो आणि भजन रंगतं. चांगली जोडी लावायला कधी अर्धा दिवस जातो.

आमच्या घरात भट्टी मालक सांभाळतात. घासणं, सूर लावणं, जोडी जमवणं, पॉलिश, दोरी, गोंडा हे सगळं मी करते. माझ्या आधी सासूबाई करायच्या. त्यांनी मला शिकवलं, पण कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "मी काही करत नाही, नुसतं घासते." मैत्रिणींनो, हे "नुसतं" आपलं फार नुकसान करतं.

भट्टी बंद पडली तेव्हा

काही वर्षांपूर्वी भट्टीवर आमच्या मालकांचा हात भाजला. तीन महिने ओतकाम बंद. घरात दोन शाळकरी मुलं, औषधांचा खर्च आणि आषाढी तोंडावर आलेली. मी कर्जासाठी एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज भरायला घेतला. विचारलं, कारागीर कोण? मी म्हटलं, आम्ही दोघं. ते म्हणाले, "भट्टी कोण चालवतं?" मी म्हटलं, मालक. मग त्यांनी माझ्या नावापुढे "गृहिणी" असं लिहिलं आणि म्हणाले, कारागीर बरा झाला की या.

त्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक होती. गटानं मला विचारलं नाही की भट्टी कोण चालवतं. गटानं विचारलं, पैसे घेऊन काय करणार आणि फेडणार कसे. मी सांगितलं, दुसऱ्या ओताऱ्याकडून कच्च्या वाट्या किलोवर विकत आणते. घासून, सूर लावून, जोड्या करून विकते. गटानं अंतर्गत कर्जातून वीस हजार दिले.

त्या तीन महिन्यांत आमच्या घरात एक थेंब धातू वितळला नाही. तरी घर चाललं, हप्ते गेले, मुलांची फी गेली. तेव्हा मला कळलं की कच्ची वाटी आणि बोलणारा टाळ यांच्यामधलं जे अंतर आहे, ते माझ्या हातांनी भरलेलं आहे. भट्टीचं काम कमी आहे असं मी म्हणत नाही. ते जोखमीचं आहे, कसबाचं आहे. पण दुसरं कामही काम आहे. त्याला नाव पाहिजे आणि पैसे पाहिजेत.

हिशेब मांडू या

आता वहीतला हिशेब सांगते. आकडे समजण्यासाठी सोपे धरलेत. धातूचा भाव रोज हलतो, तुमच्याकडे जो असेल तो घाला.

समजा आपण टाळाच्या १० जोड्या केल्या. एक जोडी ४०० ग्रॅमची. म्हणजे तयार माल ४ किलो. ओतताना जळतं, घासताना उडतं, म्हणून धातू लागला ४ किलो ४०० ग्रॅम. किलोला ८०० रुपये धरले तर ३,५२० रुपये. कोळसा, वाळू आणि मुशीची झीज ६०० रुपये. वीज आणि पॉलिशचं सामान ३०० रुपये. दोरी आणि गोंडे, जोडीला २५ प्रमाणे २५० रुपये. बेरीज झाली ४,६७० रुपये. यात अजून कुणाचाच घाम धरलेला नाही.

भट्टीवर मालकांचे दोन दिवस, सूर लावायला आणि जोड्या जमवायला माझे तीन दिवस. पाच दिवसांची मजुरी रोज ५०० रुपयांनी २,५०० रुपये. एकूण ७,१७० रुपये. म्हणजे एक जोडी आपल्याला ७१७ रुपयांना पडली.

आता व्यापारी काय म्हणतो? "किलोला तेराशे देतो." ऐकायला बरं वाटतं, कारण धातू आठशेचा आहे. पण ४ किलोचे झाले ५,२०० रुपये. त्यातून खर्चाचे ४,६७० वजा करा. राहिले ५३० रुपये. पाच दिवसांच्या कामाचे ५३०! दिवसाला १०६ रुपये. आणि आपण घरी येऊन सांगतो की माल चांगल्या भावानं गेला.

मी एका व्यापाऱ्याला म्हटलं होतं, दादा, या दोन जोड्या वाजवून बघा, आवाजात फरक आहे. तर तो हसला आणि म्हणाला, "बाई, आवाज काय काट्यावर ठेवता येतो का?" मी घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होते. काट्यावर ठेवता येत नाही हे खरंच आहे. मग तो काट्यावर विकायचाच कशाला?

सोनाराकडे आपण मंगळसूत्र करायला जातो. तो सोन्याचा भाव वेगळा सांगतो, घडणावळ वेगळी सांगतो. आपण दोन्ही देतो. मंगळसूत्र मोडायला गेलो तर सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ परत मिळत नाही. टाळाचंही तसंच. टाळ फुटला तरी धातू मोडीत जातो, त्याचे पैसे येतात. आपले दिवस मोडीत परत येत नाहीत. म्हणून ते आधी धरायचे.

आता मी जोडी नगावर विकते. ७१७ वर हत्यारांची झीज, वाया गेलेला माल आणि थोडा नफा मिळून १५ टक्के धरले की ८२५ रुपये होतात. गिऱ्हाईक म्हणतं, बाजारात स्वस्त मिळतो. मी वाद घालत नाही. दोन जोड्या हातात देते. एक साधी, एक लावलेली. म्हणते, वाजवा आणि डोळे मिटून ऐका. भजनात बसणाऱ्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. ज्याला फक्त देवघरात ठेवायला हवा त्याला मी साधी जोडी कमी पैशात देते. दोन्ही गिऱ्हाइकं खरी आहेत. पण दोघांना एकच माल एकाच भावात द्यायचा नाही.

कच्छच्या घंटा

हे आपल्याच मुलखात आहे असं नाही. गुजरातमध्ये कच्छ जिल्ह्यात निरोणा आणि झुरा ही गावं गुरांच्या घंटांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथले लोहार कारागीर लोखंडी पत्र्याचे तुकडे ठोकून, कडा एकमेकींत अडकवून घंटा करतात, जोड द्यायला वेल्डिंग लागत नाही. मग घंटेला मातीचं पाणी लावतात, वर पितळेची पूड लावतात, माती आणि कापूस मळून केलेल्या पोळीत गुंडाळतात आणि भट्टीत घालतात. आत पूड वितळून घंटेवर चढते. मातीचा आणि पुडीचा हा लेप देण्याचं काम बऱ्याच घरांत बायका करतात. शेवटी कारागीर कडेला हातोडीचे बेताचे ठोके देऊन आवाज लावतो आणि आत लाकडी लोलक अडकवतो. गुराख्याला लांबून आवाजावरून आपली जनावरं ओळखता येतात.

म्हणजे तिथेही लोखंड भंगारातलं, पूड थोडीशी, आणि मोल सगळं आवाजाचं. गुरं राखणारे कमी झाले तशी ती घंटा शहरातल्या लोकांच्या दारात, खिडकीत टांगायला जाऊ लागली. गिऱ्हाईक बदललं तरी धंदा टिकला, कारण कारागिरांनी आवाज सोडला नाही. भंगाराच्या भावानं विकली असती तर एव्हाना ती घंटा राहिली नसती.

कागदावर नाव

आता कागदाचं बोलते, कारण तिथे आपण मागे राहतो. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं हस्तकला कार्यालय कारागिरांना ओळखपत्र देतं. त्याला पहचान कार्ड म्हणतात. ते कारागीर माणसाचं असतं. घरात दोघं काम करत असाल तर दोघांनी आपापला अर्ज करावा आणि आपण नेमकं कोणतं काम करतो ते लिहावं.

दुसरी, पीएम विश्वकर्मा योजना. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात हातानं काम करणाऱ्यांचे १८ व्यवसाय धरलेत. विनातारण पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ते नीट फेडलं की दुसरं दोन लाखांपर्यंत, आणि व्याज ५ टक्के. आपला धंदा त्या अठरांत बसतो का ते सीएससी केंद्रात विचारा. पण एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. या योजनेत एका कुटुंबातून एकच नाव घेतात. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. तेव्हा कुणाचं नाव द्यायचं हे घरात बसून, हिशेबाची वही समोर ठेवून ठरवा. सवयीनं ठरवू नका.

हंगाम आणि हप्ता

टाळाचा धंदा बारमाही दिसतो, पण पैसा हंगामी असतो. ज्येष्ठात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. त्याच्या आधीचा महिना आमचा सुगीचा. मग गणपतीत झांजांना मागणी, मग कार्तिकी, मग गावोगावचे सप्ताह. पण माल करायचा असतो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पावसाळ्यात वाळू दमट होते, ओतकामात बुडबुडे धरतात, आणि ओल्या साच्यात रस ओतणं जिवावर बेततं. म्हणजे धातू घ्यायला पैसा लागतो हिवाळ्यात आणि हातात येतो आषाढात.

मी गटात हे मांडलं. ठरलं असं की मधल्या महिन्यांत व्याज आणि थोडी मुद्दल नियमित भरायची, आषाढीनंतर मोठा हप्ता द्यायचा. एकही हप्ता चुकला नाही, कारण तो माझ्या धंद्याच्या चालीवर बसवला होता. तुमची शेळी असो, शिलाई असो, मसाला असो, कर्ज घेताना आपला पैसा कोणत्या महिन्यात येतो ते गटाला सांगा. गट समजून घेतो. सावकार घेत नाही.

जिवाची काळजी

ज्यांच्या घरी धातूचं काम चालतं त्यांना चार गोष्टी सांगते. पितळ वितळताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. भट्टी उघड्यावर किंवा वारं खेळणाऱ्या शेडमध्येच हवी. मुशीत टाकायची मोड आधी गरम करून पूर्ण कोरडी करायची, कारण पाण्याचा एक थेंबसुद्धा रस उडवतो. सुती कपडे घालायचे, पदर खोचायचा, पायात चामडी बूट हवेत. जुन्या मोडीत शिसं असू शकतं, म्हणून लहान मुलं आणि गरोदर बाई भट्टीजवळ आणि घासायच्या जागी नको, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही. टाळ वाजवून तपासताना कानात बोळे घाला आणि मधे विश्रांती द्या. आपला धंदाच कानाचा आहे. कान गेला तर हत्यार गेलं.

आता संपवते. घरी गेल्यावर एक वही घ्या, गटाचीच घ्या हवी तर. आठ दिवस रोज लिहा, आज मालावर मी किती वेळ बसले. निवडलं, घासलं, टाचलं, बांधलं, सगळं लिहा. "नुसतं" हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही. आठ दिवसांनी मजुरी लावा आणि तुमच्या विक्रीच्या भावाशेजारी ठेवा. जो आकडा दिसेल तो पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. भाव वाढवायचा, माल बदलायचा की गिऱ्हाईक बदलायचं, ते गट मिळून ठरवा. एकटीनं भाव वाढवला तर व्यापारी शेजारणीकडे जातो. दहा जणींनी एक भाव धरला तर त्याला थांबून ऐकावं लागतं.

आणि आमच्या घरी कधीही या. टाळ घ्यायलाच यायला हवं असं नाही. जोडी कशी लावतात ते शिकवीन. ज्यांचा कान चांगला आहे त्यांना हे काम येईल, आणि भजनात बसणाऱ्या तुमच्यात असे कान पुष्कळ आहेत.